तुळशीशेजारची सहा अंडी

चोवीस वर्षं मी फळ्यावर अंडं काढत आले आहे. कवच, आत पातळ पडदा, बोथट टोकाला हवेची पोकळी, पांढरा भाग, मधे पिवळा बलक आणि त्यावर एक ठिपका. बाण काढून नावं द्या, पाच गुण. माझं अंडं इतकं सुबक येतं की शेजारच्या वर्गाचे सर एकदा त्याचा फोटो काढून घेऊन गेले. पण यंदाच्या आखाजीपर्यंत मी खरं अंडं कधी हातात धरलेलं नव्हतं. माहेरी खात नाहीत आणि सासरी नावही काढत नाहीत. माझ्या सासऱ्यांना भाजी आणताना वाटेत अंड्यांची गाडी लागली, तर ते रस्ता ओलांडून पलीकडून जातात आणि गाडी मागे पडली की परत ओलांडून येतात.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकींनी माहेरी जायचं, झोक्यावर बसायचं, आमरस खायचा आणि साडी घेऊन परतायचं, ही आमच्याकडची रीत. मी बावन्न वर्षांची आहे आणि झोक्यावर अजून बसते. झोका कुरकुरतो, ते त्याचं त्यानं पाहावं. माहेर बहादरपुरात, बुऱ्हाणपूरच्या लालबागेतल्या आमच्या घरून स्कूटीवर वीस मिनिटं. यंदा गेले तर झोका होता, रस होता, पण भावाचं तोंड उतरलेलं होतं.

केळीच्या ठिबकासाठी शेततळं खोदलं, तेव्हापासून त्याच्याकडे बदकांची एक जोडी होती. काळी-पांढरी, जाडजूड, डोळ्यांभोवती लाल लाल गाठी. दिसायला अगदीच ओबडधोबड. बागेतल्या गोगलगायी खातात म्हणून आणली होती, पण भाऊ त्यांच्याशी गप्पा मारायचा. मी गेले त्याच्या दोन दिवस आधी मादीला मोकाट कुत्र्यांनी धरलं. नर तेव्हापासून शेताच्या फाटकाशी बसून होता. दाणे टाकले तरी मान वळवत नव्हता.

"काही खाऊ नाही राहिला तो," भाऊ म्हणाला. "ताई, मले तर त्याच्याकडे पाहवत नाही."

मादीची सहा अंडी कडब्याच्या आडोशाला राहिली होती. ती अजून त्यांच्यावर बसायला लागली नव्हती. घालायची आणि तळ्यावर निघून जायची. वहिनी म्हणाली, कोणाला तरी देऊन टाकू, खातील बिचारे. आणि तिथे माझ्यातली टीचर झोक्यावरून खाली उतरली.

"कोणी कोणाला देणार नाही," मी म्हणाले. "मी उबवते. बदकाच्या अंड्याला अठ्ठावीस दिवस लागतात. अठ्ठावीस दिवसांत पिल्लं आणून त्याच्यापुढे ठेवते."

"ताई, पण आपली ही—"

"अठ्ठावीस," मी म्हणाले, आणि भाऊ गप्प झाला. लहानपणापासून तो माझ्यापुढे गप्प होतो. ही सवय मीच लावली आणि मीच पुढे भोगली.

वहिनी बिचारी अंडी स्वच्छ धुऊन द्यायला निघाली होती. मी ओरडलेच. कवचावर एक नैसर्गिक लेप असतो, धुतलं की जातो आणि बाहेरची घाण आत शिरते. चिखल कोरड्या फडक्यानं हलकेच पुसायचा, बास. मग स्टीलच्या डब्यात गव्हाचा कोंडा भरून, टोकदार बाजू खाली करून मी सहा अंडी रोवली आणि साडीची पिशवी हँडलला अडकवून, डबा पायांत धरून, गतिरोधकागणिक माफी मागत घरी आले.

आता सासऱ्यांबद्दल सांगायला हवं. ते रेल्वेत तिकीटखिडकीवर होते. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, तरी घरातली कुठलीही गोष्ट किती वाजता होणार हे त्यांना आधी कळावं लागतं, आणि एकदा सांगितलेली वेळ बदललेली चालत नाही. देवघर त्यांचं, सोवळं त्यांचं, पंचांग त्यांचं. दीड वर्षापूर्वी सासूबाई गेल्या आणि तेव्हापासून ते एका पोळीवर आले. दुसरी वाढायला गेलं की ताटावर हात आडवा धरतात. डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं. मी रागावून पाहिलं. मग लहान लहान लाटून दोन वाढून पाहिल्या. त्यांनी त्यातली एक उचलून निमूटपणे परत दिली. माझा जीव तुटायचा आणि रागही यायचा, आणि दोन्ही एकदम आले की मी भांडी आपटते.

तर अशा घरात मी डबा घेऊन शिरले. माझे यजमान केळीच्या व्यापारात आहेत, त्यांना कुठलाही बंद डबा उघडून माल पाहायची सवय. "वहिनींनी मांडे दिले वाटतं," असं म्हणत त्यांनी झाकण काढलं आणि कोंड्यातून वर आलेली सहा टकली पाहून परत लावलं. पण सासऱ्यांनी पाहिलं होतं.

"सूनबाई, हे आपल्या घरात?"

मी सगळं सांगितलं. कुत्री, फाटक, नर, माझं वचन. ते भिंतीकडे बघत ऐकत होते. संपल्यावर त्यांनी एकच विचारलं, "तो नर खातो का?"

"नाही."

ते देवघरात गेले, थोड्या वेळानं बाहेर आले. "किती दिवस?"

"अठ्ठावीस."

"पक्कं?"

"विज्ञान आहे, बाबा."

"मग अठ्ठावीस. एकोणतिसाव्या दिवशी सकाळी ते घराबाहेर. काहीही होवो." 'ते' म्हणजे अंडी; तो शब्द त्यांनी उच्चारला नाही. मशीन आल्यावर दिवस मोजून कॅलेंडरवर लाल पेनानं गोल केला, तोही त्यांनीच.

मशीन ऑनलाइन मागवलं होतं, ते दोन दिवसांनी आलं. पारदर्शक झाकणाचा डबा, आत छोटा पंखा आणि हीटर, बाहेर आकडे. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं: तापमान साडेसदतीस, ओलावा पंचावन्न ते साठ, शेवटचे तीन दिवस सत्तरच्या वर. अंडी ठेवण्याआधी यंत्र एक दिवस रिकामं चालवून पाहा. यंत्र गार पडू नये म्हणून वरून चादर पांघरा. चादर! हा कागद लिहिणारा माणूस वैशाखात बुऱ्हाणपुरात आलेला नसणार.

मी हॉलमध्ये रिकामं मशीन लावलं. आकडा चढत चढत एक्केचाळीसवर गेला आणि ते ओरडायला लागलं. हीटरचा दिवा एकदाही लागला नव्हता. हीटरची गरजच नव्हती. आमच्या हॉलमध्येच अंडी उबली असती आणि अजून थोडा वेळ ठेवली असती तर उकडली असती. साऱ्या जगात लोक अंड्यांना ऊब कशी द्यायची याच्या विवंचनेत असतात, आणि मी त्यांना गार कसं ठेवायचं म्हणून डोकं धरून बसले होते.

"माझ्या केळी पिकवायच्या चेंबरमध्ये ठेव," यजमान म्हणाले. "सोळा डिग्री. चार दिवसांत माल तयार."

"ती केळी नाहीत."

"मी फक्त सुचवतोय."

मग मी कूलर लावला. तापमान उतरलं, पण ओलावा ऐंशीवर गेला. हे वाईट. अंड्यातलं पाणी हळूहळू उडत राहायला हवं, म्हणजे फळ्यावर मी काढते ती हवेची पोकळी मोठी होत जाते आणि पिल्लाला पहिला श्वास तिथे मिळतो. फार ओल राहिली तर पोकळी लहान राहते आणि पिल्लू आतल्या आत बुडतं. फार कोरडं झालं तर आतला पडदा चिवट होतो आणि ते त्यात अडकून बसतं. कूलर बंद केला तर ओलावा तिसावर. चालू केला तर ऐंशी. वीज गेली तर दोन्ही बोंबललं. आकड्यांवरही भरवसा नव्हता, कारण यजमानांनी चेंबरमधलं ओलाव्याचं मीटर आणून मशीनच्या आत ठेवलं तर दोघांत सात टक्क्यांचा फरक. खरं कोण, हे बघायला मी वाटीत मीठ थोडं ओलं करून, वाटी आणि ते मीटर एका बंद डब्यात घातलं. असं काही तास ठेवलं की मीटरनं पंच्याहत्तर दाखवायला हवं, नाहीतर ते खोटं. यजमानांचं मीटर खरं निघालं. ते त्यांनी आठवडाभर जेवताना सांगितलं.

शेवटी मी थर्मामीटर हातात घेऊन घरभर फिरले. कपाटात पाहिलं, जिन्याखाली पाहिलं, पलंगाखाली आडवं होऊन पाहिलं. सगळ्यात गार जागा निघाली ती मागची ओसरी. खाली फरशी, वर हिरवी जाळी, एका कडेला देवघराचा दरवाजा आणि समोर तुळस. म्हणजे सासऱ्यांचं राज्य. मी स्कूटीची किल्ली परत मागताना विचारते तसं, काही विशेष नाही अशा आवाजात विचारलं.

"उंबऱ्याच्या बाहेर," ते म्हणाले. "माझ्या नजरेसमोर नको."

ओसरीत नजरेसमोर नसलेली जागा नव्हती. तुळशीच्या शेजारी, त्यांच्या खुर्चीला पाठ करून मी मशीन ठेवलं आणि चमत्कार झाला. साडेसदतीस. ओलावा सत्तावन्न. हलेना. मी मशीनमध्ये ओल्या स्पंजाचा एक तुकडा ठेवला होता, त्याचं हे श्रेय, असं मी जाहीर करून टाकलं. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीनं एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल काढला आणि दिवसातून तीनदा फिरवायला लागले, म्हणजे पिल्लू एका बाजूला चिकटत नाही. स्पंज किती रुंद हवा, कुठे ठेवायचा, हे मी भावाला फोनवर सविस्तर शिकवलं. तो "हो ताई, हो ताई" म्हणत होता.

जेवताना सासरे रोज विचारायचे, "नर?"

"अर्धं केळं खाल्लं म्हणे."

"हं." आणि दुसऱ्या पोळीवर हात आडवा.

आठव्या दिवशी अंडी उजेडात धरून बघायची असतात. कोठीच्या खोलीच्या खिडकीला मी गोधडी लावली, पुठ्ठ्याला भोक पाडून मागे मोबाइलचा टॉर्च धरला. आत इतकं उकडत होतं की पिल्लांच्या आधी मीच उबून निघेन असं वाटलं. पहिलं अंडं नुसतं पिवळं, रिकामं. दुसरं धरलं आणि माझ्या तोंडून आवाजच निघाला. लाल बारीक शिरा पसरल्या होत्या, मधे एक काळा ठिपका, आणि तो हलत होता. चोवीस वर्षं मी तो ठिपका खडूनं काढून त्याला बाण मारत होते, आणि तो असा हलतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

"कोण ओरडलं?" सासरे दारात.

"बाबा, बघता?"

ते उंबऱ्यावरच थांबले, हात मागे बांधून, आणि मान जेवढी लांब करता येईल तेवढी केली. मी उरलेली चारही एकेक करून धरली; सगळ्यांत तसाच ठिपका.

"हलतंय."

"काळीज आहे ते."

"मग हे अंडं नाही," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"घरात अंड्याला बंदी आहे. जिवाला नाही. पाच आहेत ना? पाच मंडळी आहेत मग." आणि टॉर्च जास्त वेळ धरू नको, त्यांच्या डोळ्यांवर येत असेल, असं बजावून गेले.

त्यानंतर अंड्यांचं नाव 'मंडळी' पडलं. दहाव्या दिवसापासून मी रोज दहा मिनिटं झाकण उघडून त्यांच्यावर कोमट पाण्याचा फवारा मारायला लागले, कारण खरी आई दिवसातून एकदा तळ्यावर जाते आणि ओल्या पिसांनी परत येऊन बसते. हे ऐकून सासरे पहिल्यांदाच बदकांच्या बाजूनं बोलले. "म्हणजे आंघोळ केल्याशिवाय पोरांना शिवत नाही. शहाणी होती."

बाराव्या दिवशी माझ्या विज्ञानाची फजिती झाली. आमच्याकडे वैशाखात तुळशीला गळती लावतात. तीन काठ्यांच्या तिकाटण्यावर तांब्याचं भांडं टांगायचं, त्याच्या बुडाशी बारीक भोक, भोकात सुताची वात, आणि त्यातून दिवसभर थेंब थेंब पाणी तुळशीवर. त्या दिवशी सासऱ्यांनी ते भांडं चिंच लावून घासायला खाली घेतलं. तासाभरात मशीनचा ओलावा सत्तावन्नावरून बेचाळीसवर. मी स्पंज भिजवला, दुसरा स्पंज घातला, रुमाल घातला, फरशीवर बादली ओतली आणि त्यात घसरून पडले. आकडा हलेना. सासरे खुर्चीत बसून भांडं घासत बघत होते. घासून झालं, वात घातली, भांडं टांगलं, थेंब पडायला लागले. फरशी हळूहळू ओली झाली आणि आकडा शिस्तीत सत्तावन्नावर परत आला.

"तुझा स्पंज छान आहे," ते म्हणाले.

मी कंबर धरून उठत होते.

"थेंब वाढवायचे असतील तर सांग. दुपदरी वात आहे, तिपदरी करता येते."

तेव्हापासून ओलाव्याचं खातं त्यांच्याकडे गेलं. ते सकाळी मनगटावरचं घड्याळ धरून थेंब मोजायचे, मीटर बघायचे आणि वातीचा पदर काढायचे किंवा घालायचे. मला फक्त कळवलं जायचं.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. त्या महिन्यात सासरे दिवसातून तीन तीन आंघोळी करत होते. उकाडा मेला तसाच होता, म्हणून मला नवल वाटलं नाही. नवल वाटायचं ते दुसऱ्याच गोष्टीचं. मी फुली वर करून बाजारात जायचे आणि परत यायचे तेव्हा गोल वर असायचा. दुपारी गोल वर करून डोळा लागला की उठेपर्यंत फुली. मला वाटलं, वय झालं, विसरायला लागले. एका दुपारी लवकर जाग आली आणि जाळीच्या दारातून दिसलं: सासरे ओसरीत गुडघ्यांवर बसलेले, झाकण उघडं, आणि एकेक अंडं दोन बोटांनी फिरवत पुटपुटतायत, "फुली खाली, गोल वर. फुली खाली, गोल वर." पाचवं झालं, झाकण लावलं, आणि कोणी पाहिलं तर नाही ना, असं इकडेतिकडे बघून थेट मोरीत. पाण्याचा आवाज आला.

म्हणजे ते अंड्यांना शिवत होते आणि शिवले की आंघोळ करत होते. रोज. दोन वेळा. आणि माझे तीन वेळा धरून पाच, म्हणजे विषम आकडाही बरोबर जुळवला होता, कारण विषम वेळा फिरवलं की रोज रात्री तीच बाजू खाली राहत नाही, हे मी भावाला फोनवर शिकवत असताना त्यांनी ऐकलं असणार.

मला गप्प बसता येत नाही, हे सगळ्या लालबागेला माहीत आहे. पण त्या दिवशी बसले. संध्याकाळी एवढंच विचारलं, "बाबा, तीनदा आंघोळ?"

"उकाडा आहे," ते म्हणाले.

बाविसाव्या दिवशी वैशाखी अमावास्या आली. त्या दिवशी गळती उतरवून ठेवायची असते. मी सकाळपासून ओसरीत उगाचच काहीतरी निवडत बसले होते. ते आले, भांड्यात डोकावले आणि त्यात आणखी पाणी घातलं.

"बाबा, वैशाख संपला ना?"

"तुळशीचं ऊन संपलं का?" ते खेकसले.

शेवटचे तीन दिवस अंडी फिरवायची नसतात, म्हणून पंचविसाव्या दिवशी संध्याकाळी मी फिरवणं बंद केलं आणि त्यांना सत्तरच्या वर ओलावा मागितला. त्यांनी चौपदरी वात घातली. सव्वीस, सत्तावीस. आम्ही दोघंही आळीपाळीनं झाकणाला कान लावत होतो, मात्र एकमेकांसमोर नाही. अठ्ठाविसावा दिवस उजाडला आणि मावळला. एक तडा नाही. काही नाही.

एकोणतिसाव्या दिवशी सकाळी मी कोंड्याचा डबा घेऊन ओसरीत गेले. मी रडत होते, लपवत नाही. एवढ्या तोऱ्यात सांगितलेला आकडा मला आठवत होता, फाटकाशी बसलेला तो नर आठवत होता. चार दिवस जास्त द्या, एवढं एक वाक्य सासऱ्यांकडे मागायचं होतं, आणि मला ते मागता येत नव्हतं. "विज्ञान आहे, बाबा," असं म्हणून बसले होते ना.

"कुठे निघालीस?"

"एकोणतिसावा दिवस आहे."

ते देवघरात गेले आणि चष्मा लावून, पंचांग घेऊन आले. पान उघडून बोट ठेवलं.

"महिना कोणता चालू आहे?"

"ज्येष्ठ."

"अधिक ज्येष्ठ," ते म्हणाले. "अधिक महिन्यात लग्न धरतात? मुंज? वास्तुशांत?"

"नाही."

"मग हे दिवस कसे धरले? अधिकातला दिवस मोजणीत येत नाही. वैशाखातले तुझे बावीस झाले. बाकीचे सहा निज ज्येष्ठ लागल्यावर मोज." आणि तिकीट नाकारताना करत असतील तसा चेहरा करून त्यांनी पंचांग मिटलं.

अंडी पंचांग बघत नाहीत, हे मला कळतं. त्यांनाही कळत होतं. पण दिलेली वेळ त्यांनी आयुष्यात कधी बदलली नव्हती, म्हणून त्यांनी महिनाच मोजणीतून काढून टाकला. मी डबा खाली ठेवला. त्यांनी माझ्यादेखत झाकण उघडून एक अंडं हातात घेतलं, कानाला लावलं, परत ठेवलं, आणि आंघोळीला गेले.

तेवढ्यात भावाचा फोन. अधिक महिना, जावयाला धोंड्याचं जेवण, दाजींना कधी पाठवते, असं तो विचारत होता.

"जेवण कसलं करतोस," मी म्हणाले. "अठ्ठावीस दिवस होऊन गेले, एकही निघालं नाही."

"अठ्ठावीस कुठून निघतील ताई? ही लाल तोंडाची बदकं. मागच्या साली आमच्या फडात बसली होती तवा पुरे पाच हप्ते बसली. पस्तीस दिवस."

मी झोक्यावर असते तर पडले असते. "मग हे तू मला आखाजीला का नाही सांगितलंस?"

"सांगू राहिलो होतो. तू अठ्ठावीस म्हणाली."

"अरे, मग दुसऱ्यांदा सांगायचं!"

"तू टीचर ना ताई. मले वाटलं, मशीनमध्ये फास्ट होत असतील."

मी फोन ठेवला आणि मोरीच्या दारावर थापा मारून आत ओरडले, "बाबा! तीन दिवस फिरवलं नाही, परत फिरवायचंय! आणि वात दुपदरी करा!"

पुढे चार दिवस परत फुली आणि गोल. मग परत चौपदरी वात. चौतिसाव्या दिवशी सकाळी एका अंड्याच्या आतून आवाज आला, अगदी बारीक. दुपारी बोथट टोकाशी, जिथे मी बाण काढून 'हवेची पोकळी' लिहिते तिथेच, तडा गेला. तडा गेल्यावर पिल्लू तासन्‌तास नुसतं पडून राहतं, दमतं, श्वास शिकतं, उरलेलं रक्त आणि बलक आत ओढून घेतं. आपण मदत करायची नसते, झाकण उघडायचं नसतं. उघडलं की ओल जाते आणि पडदा आवळतो. हे मला पाठ होतं. सासऱ्यांना नव्हतं.

"अडकलंय ते. जरा टवका काढू का?"

"हात लावू नका!" मी वर्गात ओरडते तशी ओरडले. सव्वीस वर्षांच्या संसारात सासऱ्यांवर पहिल्यांदा. त्यांनी हात मागे बांधले आणि पस्तिसाव्या दिवशी दुपारपर्यंत ते सोडले नाहीत. केळी उतरवायची सोडून यजमानही येऊन उभे राहिले होते. "माल तयार?" असं विचारल्यावर त्यांना दोन्हीकडून गप्प करण्यात आलं.

चार निघाली. ओली, वाकडी, लटपटणारी, दिसायला अगदी वाईट. तासाभरात वाळून पिवळी-काळी आणि फुगीर झाली आणि मला ती इतकी आवडली की मी यजमानांच्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके दिले. पाचवं निघालं नाही. मी फिरवणं बंद ठेवलेल्या त्या तीन दिवसांत एका बाजूला चिकटलं असेल का, हा विचार मला अजून टोचतो.

सासरे पहिलं काय बोलले, तर "बापाला कळवलं का?"

मी फोन लावला. भावानं फाटकाशी जाऊन फोन नरापुढे धरला, इकडे सासऱ्यांनी माझा फोन मशीनच्या झाकणाला टेकवला आणि चारही जणांनी चिवचिवाट केला.  मग भावाचा आवाज आला, "उठला. ताई, उठून उभा राहिला तो. फोनच्या मागे शोधू राहिला."

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात पूजेची घंटा वाजली नाही. मला वाटलं, त्यांना बरं नाही. जाऊन पाहिलं तर आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून ते ओसरीत खुर्चीत बसले होते, खुर्ची मशीनकडे वळवून. देवघराचा दरवाजा ओढून घेतलेला.

"बाबा, पूजा?"

"सोयर आहे," ते म्हणाले. "दहा दिवस."

सोयर म्हणजे घरात मूल जन्मलं की लागतं ते, आणि ते फक्त आपल्या रक्ताच्या माणसांत जन्म झाला तरच. शेजारी झालं तर लागत नाही. देवाजवळ इतकी वर्षं बसलेल्या माणसाला हे मी काय सांगणार? त्या देवघराचा दरवाजा याआधी बंद झाला होता तो दीड वर्षापूर्वी, सासूबाईंच्या सुतकात. तेव्हाही ते असेच खुर्चीत बसले होते. फक्त खुर्ची भिंतीकडे होती.

"आता दहा दिवस करणार काय तुम्ही?" मी विचारलं, कारण काहीतरी बोलायलाच हवं होतं.

"बाराव्या दिवशी ह्यांना घेऊन बहादरपूरला जायचं आहे. स्कूटीवर नाही, रिक्षा सांग. सकाळी साडेआठ."

जेवायला बसले तेव्हा मी पहिली पोळी वाढली आणि सवयीनं मागे फिरले.

"थांब," ते म्हणाले. "नर?"

"अख्खं केळं खाल्लं. सालासकट, म्हणतो भाऊ."

त्यांनी मान हलवली, ताटावरचा हात काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "वाढ अजून एक."